मुंगी बघायला किती वेळ लागतो?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की पहिल्या पावसात लहान मुलांना एकदा तरी बाहेर न्या आणि काही शिकवू नका, नुसतं बघू द्या. झालं, त्यावर एवढी पत्रं आली, मेल आले, दोघींनी तर आठ-आठ मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवले, आणि सगळ्यांचा सूर एकच की ताई, बघू द्या म्हणजे नक्की करायचं काय? म्हणून यावेळी सगळे प्रश्न तीन ते सहा वर्षांच्या पिल्लांच्या निरीक्षणाचेच घेतलेत. नावं छापायची नाहीत हे आपलं ठरलेलंच आहे. पत्रं थोडी कापलीयत, रागावू नका.

ताई नमस्कार, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. प्लेग्रुपच्या मीटिंगमध्ये टीचर म्हणाल्या की हिचं ऑब्झर्वेशन कमी पडतंय, घरी प्रॅक्टिस घ्या. तेव्हापासून मी फ्लॅशकार्डं आणली, शेप्सचं पझल आणलं, येता-जाता विचारत असते हा कलर कुठला, तो शेप कुठला. आधी पटापट सांगायची, आता मी तोंड उघडलं की पळून जाते. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो, झाडं म्हणाल तर खाली पार्किंगजवळ चार. काय करू? — एक आई, वाकड

अगं, मी पण पळाले असते! (अरेतुरे करतेय, चालेल ना, माझ्या मुलीच्या वयाची असशील.) दिवसभर कोणी आपल्या मागे लागून विचारलं की हा डबा कुठल्या रंगाचा, ही प्लेट कुठल्या आकाराची, तर आपण किती वेळ उत्तरं देऊ? आणि गंमत म्हणजे उत्तर तुला आधीच माहितीये हे तिलाही माहितीये. म्हणजे ती विचारपूस नाही, परीक्षा झाली.

तर पहिलं काम, आठ दिवस प्रश्न बंद. एकदम बंद. त्याच्या जागी तुला स्वतःला जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं, जसं आपण एकट्या असताना पुटपुटतो ना तसं. भेंडी चिरतेस, तेव्हा एक चकती हातात धरून म्हण, "अय्या, चांदणी!" बस, पुढे काही नाही. ती येईल ओट्यापाशी. मग तीच म्हणेल मला दाखव. बहुतेक भेंडीला पाच कोपरे असतात पण मधेच एखादी सहाची, सातची पण निघते, आणि ती जर तिच्या हाताला लागली ना तर संध्याकाळी बाबा घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्याला ती बातमी कळेल बघ. फ्लॅशकार्डावरची चांदणी कायम पाच कोपऱ्यांचीच असते, तिच्यात सापडण्यासारखं काही नसतंच.

आता नाव सांगता येणं आणि बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात फार जणांची गल्लत होते. "हा लाल" म्हटलं की मूल मोकळं, त्या लालकडे परत बघायची गरजच संपली. पण दोन वस्तू शेजारी ठेवल्या की बघावंच लागतं. तूरडाळ आणि हरभराडाळ चमचा-चमचा दोन वाट्यांत घे, दोन्ही पिवळ्या, दोन्ही अर्ध्या, मग वेगळं काय? हे विचारूसुद्धा नको खरं तर, नुसतं म्हण "या दोन्ही डाळी सारख्याच दिसतात की गं" आणि गप्प बस. मूल हमखास म्हणतं नाऽऽही, आणि मग स्वतः दाखवतं. तसंच मेथी-कोथिंबीर निवडताना, रवा आणि साखर बोटांनी चाचपताना, हिंगाची डबी आणि जिऱ्याची डबी डोळे मिटून हुंगताना. निरीक्षण म्हणजे फक्त डोळे नव्हेत, नाक, कान, बोटं, जीभ सगळं त्यातच आलं. फोडणीत मोहरी तडतडायची कधी थांबली हे कानाने सांगायचा खेळ तर माझ्या सगळ्यात आवडीचा, मात्र पोरीला गॅसपासून चांगली लांब बसव.

ते मॉन्टेसरीचं महागडं साहित्य असतं ना, गुलाबी मनोरा वगैरे, त्याच्यामागची अक्कल पण हीच आहे. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालघर सुरू केलं, त्यातून पुढे हे साहित्य घडत गेलं. त्या मनोऱ्यात दहा ठोकळे, सगळे एकाच गुलाबी रंगाचे, एकाच आकाराचे, फक्त एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत लहान-मोठे. म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची, की नजर आपोआप तिथे जाते. तुझ्या घरी स्टीलच्या डब्यांची उतरंड असेल, किंवा एकात एक बसणाऱ्या वाट्या असतील, झालं की मग. चुकीचा डबा आत घातला तर तो बसतच नाही, तू "चूक" म्हणायची गरज नाही.

आणि अकराव्या मजल्याचं रडगाणं बंद कर, हाहा. तुझ्याकडे ऊन येतं ना हॉलमध्ये? सकाळी फरशीवर जो उन्हाचा तुकडा पडतो त्याच्या कडेने खडूने रेघ मारायची. जेवायच्या वेळी परत जाऊन बघायचं. ऊन रेघ सोडून सरकलेलं असतं. माझ्या बालवाडीत एका मुलाने मला सांगितलं होतं, "ताई, कुणीतरी ऊन ढकललं." मी काही दुरुस्त केलं नाही. पुढचे चार दिवस तो कोण ढकलतो ते बघायला बसला होता.

नमस्कार ताई. मी जव्हार भागात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे चोवीस मुलं येतात, कधी अठरा कधी तीस. खेळण्याच्या पेटीतलं निम्मं साहित्य मोडलं आहे. वरून सांगतात निरीक्षणाच्या ॲक्टिव्हिटी घ्या आणि ग्रुपवर फोटो टाका. साहित्य नाही तर घेऊ कशा? — एक सेविका

ताई, तुम्हाला आधी नमस्कार, कारण तीस मुलं, खिचडी, वजनं, रजिस्टर आणि वर फोटो, हे करणाऱ्या बाईला मी इथे बसून काय सांगणार. पण एक सांगते. तुम्ही ज्या जिल्ह्यात काम करता ना, तिथेच हे सगळं उभं राहिलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात तर या बायका पाड्यावर गेल्या, अंगणात मुलं जमवली, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा, ती कुरणशाळा. आणि साहित्य? परदेशी लाकडी ठोकळे परवडणार कुणाला, त्यांनी चिंचोके, शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, दगड हेच साहित्य केलं. म्हणजे तुमच्याकडे साहित्य नाही असं नाहीये, पेटीबाहेर पडलेलं आहे ते.

एक खेळ सांगते, तीस मुलांत पण चालतो. सकाळी येताना पाच-सहा प्रकारची पानं आणायची, साग, पळस, आंबा, करंज, जे असेल ते. प्रत्येकाच्या हातात एक पान द्यायचं आणि म्हणायचं, जा, याचा भाऊ शोधून आण. अंगण सोडून जायचं नाही एवढंच. कुणी रंगावरून आणेल, कुणी आकारावरून, एखादं पोर वास घेऊन आणेल. कोवळं आंब्याचं पान तांबूस असतं आणि जून पान हिरवं, ते भाऊ का नाही यावर भांडण लागलं तर अजिबात सोडवू नका, ते भांडण म्हणजेच धडा. आणि पळसाला पानं तीनच ही म्हण आपण आयुष्यभर बोलतो, पण किती जणांनी मोजलीयत? मुलांना मोजू द्या. एका देठावर खरंच तीन निघाली की त्यांचे चेहरे बघा.

दुसरा खेळ तर सगळ्यांना माहितीये, ताटात चार वस्तू, फडकं टाकायचं, एक काढून घ्यायची. फक्त तीन वर्षांच्या मुलांना चारच ठेवा, मोठ्यांना हळूहळू सहा-आठ. आणि कधी वस्तू काढायची नाही, नुसती फिरवून उलटी ठेवायची. हे ओळखणारं पोर दिसलं ना की मला फार आनंद व्हायचा.

पण एक गोष्ट कडक सांगते, बियांच्या बाबतीत. गुंज दिसायला एवढी सुंदर, लाल-काळी, पण चावली गेली तर विषारी आहे. एरंडाच्या बिया, धोतरा, दोन्ही कण्हेरी, म्हणजे ती पिवळी बिट्टी पण, हे मुलांच्या हातात द्यायचंच नाही. आणि छोटे दाणे, हरभरा, वाटाणा, चिंचोका वगैरे, खेळ संपला की मोजून परत घ्यायचे, कारण हे नग कानात-नाकात जातात. गेलाच तर घरगुती पिन-काडी करू नका, पाणी तर अजिबात घालू नका, दाणा फुगून आणखी अडकतो, सरळ दवाखाना.

फोटोचं काय सांगू. मुलं फोटोसाठी थांबली की बघणं थांबतं. एक काढा सुरुवातीला, पाठवून द्या, आणि फोन कपाटात.

माझा नातू चार वर्षांचा. शाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण त्याला न्यायला-आणायला मी गेलो की पाऊण तास लागतो. गोगलगाय दिसली की थांब, गटार दिसलं की थांब, जेसीबी दिसला तर संपलंच. सूनबाई म्हणतात तुम्हीच त्याला सवय लावली, याचं लक्ष कशात लागत नाही. घरी मात्र मोबाईल दिला की तासभर हलत नाही, तेव्हा लक्ष कसं लागतं? — एक आजोबा, मिरज

आजोबा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. जे पोर जेसीबीसमोर अर्धा तास उभं राहतं त्याचं लक्ष लागत नाही असं कोण म्हणेल? लक्ष लागतंय, फक्त आपल्याला हवं तिथे लागत नाहीये. सूनबाईंची पण चूक नाही हो, त्यांना ऑफिस गाठायचं असतं. त्यामुळे जाताना सरळ जायचं आणि येताना तुमचा पाऊण तास, असा करार करून टाका. मुलांना करार कळतात.

आणि जेसीबीला कमी लेखू नका. मी स्वतः एका पोरामुळे नीट बघायला शिकले. पुढे मोठं रुंद खोरं, मागे तो लांब हात, आणि मागची चाकं पुढच्यापेक्षा मोठी. मागच्या हाताने खणायच्या आधी तो दोन्ही बाजूंना पाय टेकवतो, आणि ड्रायव्हरकाका खुर्चीसकट मागे वळून बसतात! हे सगळं त्या पोराने मला दाखवलं, तोपर्यंत पन्नास वर्षं मला नुसतं पिवळं धूड दिसायचं. नातवाला घरी आल्यावर आजीला सांगायला लावा आज काय पाहिलं, आणि आजीने मुद्दाम चुकायचं, "म्हणजे आधी खणतो आणि मग पाय टेकतो होय?" बघा कसा उसळतो.

कागद आणि जाडे खडू पण द्या. चित्र जेसीबीसारखं दिसणार नाही. या वयात माणूस काढला तरी डोक्यालाच हातपाय फुटलेले असतात, पोट गायब. जगभरची मुलं तशीच काढतात. चार वर्षांच्या चित्रात "चाक असं नसतं रे" म्हणून आपण पेन्सिल हातात घेतली की खेळ खलास.

मोबाईलचं म्हणाल तर ते बघणं नाही, ते दाखवलं जाणं आहे. कुठे बघायचं ते कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, दोन सेकंदात चित्र बदलतं, कंटाळा यायच्या आत. गोगलगाय तसं करत नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. आता एक तासाने एकदम रडारड होणार, ती चार-पाच दिवस सोसावी लागेल, आणि ते काम सूनबाईंवर न टाकता तुम्ही घ्या.

मुलगा पाच वर्षांचा आहे. आमच्या इथे एक क्लास निघाला आहे, त्यात मुलांचा मेंदू ॲक्टिवेट करतात आणि मग मुलं डोळ्यावर पट्टी बांधून रंग ओळखतात, वाचतात. डेमो मी स्वतः पाहिला. निरीक्षणशक्ती दसपट वाढते म्हणतात. फी पंचवीस हजार आहे. घालावं का? — एक बाबा, नाशिक

नाही.

एवढ्यावर थांबणार होते पण थोडं लिहिते. पट्टी कितीही काळी असली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिथून खाली धरलेलं सगळं दिसतं. विश्वास नसेल तर आत्ता ओढणी बांधून बघा. पुढच्या डेमोला एवढंच म्हणा की पुस्तक मुलाच्या कपाळासमोर वर धरा, किंवा फटीवर कापूस लावून चिकटपट्टी मारा. लगेच "आज एनर्जी नाही" सुरू होईल. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी अशी आव्हानं ठिकठिकाणी दिलीयत. मला फीपेक्षा जास्त राग कशाचा येतो सांगू? पाच वर्षांच्या पोराला तिथे फटीतून बघायचं आणि दिसत नाही असं सांगायचं शिकवतात, आणि आई-बाबा टाळ्या वाजवत असतात. त्या पंचवीस हजारात तुम्ही दर रविवारी त्याला घेऊन गोदाकाठी जा, वर्षभर भेळ खाऊन पैसे उरतील.

माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा, अगदी धांदरट आहे. झाडावर पक्षी दाखवला तर "कुठाय?" म्हणत बसतो, तोवर तो उडून जातो. टीव्हीला नाक लावून बसतो. हिरव्याला चॉकलेटी म्हणतो, शंभरदा सांगितलं तरी. लक्षच देत नाही. काय ॲक्टिव्हिटी घेऊ? — एक आई, रत्नागिरी

ॲक्टिव्हिटी राहू दे, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि हे वाचून घाबरू नकोस, पण पुढच्या महिन्यावर ढकलू पण नकोस. लांबचं दिसत नाही, टीव्हीजवळ बसतो, हे नंबरचं लक्षण असू शकतं आणि चार वर्षांच्या मुलाला आपल्याला अंधुक दिसतंय हे कळतच नाही, त्याला वाटतं जग असंच असतं. कधी एकच डोळा आळशी असतो, दुसरा चांगला असल्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. खेळता-खेळता एक-एक डोळा हाताने झाकून बघ, एक झाकला तर चालतं आणि दुसरा झाकला की चिडतो असं असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांग. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपाय असतात, आणि ते सात वर्षांच्या आत केले तर जास्त चांगला उपयोग होतो.

हिरवा-चॉकलेटीचं वेगळं. तो रंगांधळेपणा असू शकतो, लाल-हिरव्यातला फरक कमी कळणं. हा मुलांमध्ये मुलींपेक्षा खूप जास्त आढळतो कारण तो आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरून येतो, आईला स्वतःला बहुतेक वेळा काही त्रास नसतो. तुझ्या वडिलांना किंवा भावाला असं काही आहे का विचारून बघ. त्याला "शंभरदा सांगून" उपयोग नाही गं, त्याला ते तसंच दिसतं. शाळेत "पानं रंगवता येत नाहीत" म्हणून ओरडा खाण्यापेक्षा बाईंना आधी सांगून ठेवलेलं बरं, आणि खडूंवर कागदी पट्टी लावून एक-एक खूण करून द्यायची.

याच धर्तीवर दुसऱ्या एका आईने लिहिलंय की तिचं बाळ गाडीचं चाक तासन्‌तास फिरवत बघतं, बारीक स्क्रूसुद्धा ओळखतं, पण हाक मारली तर वळत नाही आणि बोट करून काही दाखवत नाही. तिलाही हेच सांगते, हे नजर चांगली आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. आधी कान तपासा आणि विकास तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात यासाठीच लवकर निदानाचं केंद्र असतं, अंगणवाडीतल्या आरोग्य तपासणीतून पण तिथे पाठवतात.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी पाच वर्षांची. आई रोज व्हिडिओ कॉलवर तिला मोर, चिमणी, जास्वंद असं काय काय सांगते पण इथे ते काही नाही, मग ती कंटाळते. — एक आई

मग शिकवू नका, अदलाबदल करा. आजीने इकडचा कावळा दाखवायचा, नातीने तिकडचा. आपल्या घराजवळच्या कावळ्याची मान राखाडी, तुमच्याकडचा नखशिखांत काळा. हे दोघींनी मिळून शोधायचं, तुम्ही फोडायचं नाही. खारीचं पण तेच, आजीकडच्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं, तुमच्याकडची राखाडी, झुपकेदार, बोटं नाहीतच. मग रामाची गोष्ट आजीला आपोआप सांगता येईल, आणि यावेळी नात ऐकेल. बर्फ पडला की पावलांचे ठसे बघा, पक्ष्याचे कुठले, मांजराचे कुठले, बुटांचे कुठले, आणि त्याचे फोटो आजीला कोडं म्हणून पाठवा.

जागा संपत आलीये, शेवटचं एक चिमुकलं पत्र घेते. "मुलगी विचारते, मुंग्या रांगेतच का जातात? गूगल करून सांगितलं तर तिला पटलं नाही." — एक बाबा, सोलापूर. पटणार कसं, तिने पाहिलं कुठे! पुढे गेलेली मुंगी वासाची खूण सोडत जाते आणि मागच्या त्या वासावरून येतात, हे बरोबर आहे, पण तिला सांगू नका. काळ्या मुंग्यांची रांग शोधा, बाजूला दोघं उकिडवे बसा, आणि मधेच एका जागी ओल्या बोटाने रांगेला आडवी पुसट रेघ ओढा. मग बघत बसा काय होतं ते. मुंग्या तिथे येऊन अडखळतात, इकडेतिकडे फिरतात, मग एखादी पलीकडे जाते. त्या पहिल्या मुंगीला नाव द्यायचं काम मुलीचं. लाल मुंग्या असतील तर मात्र जरा लांबूनच, आणि बसायच्या आधी आपल्या पायाखाली काय आहे ते बघून घ्या, मी एकदा नव्हतं बघितलं.